हर्षाली बोरस्ते खरी की खोटी

वैष्णवी लग्न होऊन सायखेड्याला कुट्यांच्या घरात आली, तेव्हा त्या घरात माणसं मोजकी आणि गोधड्या ढीगभर होत्या. तिच्या सासूला, कुसाबाईंना, जुनं लुगडं दिसलं की स्वस्थ बसवत नसे. थंडीत पाहुण्यांना पांघरायला कमी पडू नये, एवढाच त्यामागचा विचार. एका हिवाळ्यात वैष्णवीनं उन्हात टाकलेल्या गोधडीचा फोटो सहज इन्स्टाग्रामवर टाकला आणि पुण्याच्या एका अनोळखी बाईनं ती गोधडी विकत मागितली. कुसाबाईंना हसू आवरेना. गोधडी ही लेकीला द्यायची, नातवाला द्यायची वस्तू, ती कुणी विकत घेतं का? पण गोधडी गेली, पैसे आले, पाठोपाठ त्या बाईच्या बहिणीची मागणी आली. तीन-चार वर्षांत गल्लीतल्या सात-आठ बाया दुपारची भांडी उरकून सुई-दोरा घेऊन कुसाबाईंच्या ओट्यावर बसायला लागल्या.

शिवायचं काम त्यांचं, बाकीचं सगळं वैष्णवीचं. ती बी.कॉम. झालेली. फोटो काढणं, गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देणं, पार्सल बांधणं, कुरिअरला नेऊन देणं, हे ती बघायची. गिऱ्हाइकांचे पैसे 'रोकडसेतू' नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा व्हायचे आणि दर शुक्रवारी तिथून बँकेत जायचे. नवरा सोमनाथ सातपूरच्या एका कारखान्यात होता. पहिली शिफ्ट असली की पहाटेच मोटरसायकल काढायचा, त्यामुळे या धंद्यात त्याची मदत म्हणजे रविवारी खोक्यांना चिकटपट्टी लावणं, एवढीच.

दिवाळीच्या आधी सगळ्यात जास्त पार्सलं जायची. त्या सोमवारी सकाळी वैष्णवी कुरिअरच्या दुकानात रांगेत उभी होती. पायाशी पार्सलांची दोन पोती होती. तेवढ्यात फोनवर मेल आला. वर रोकडसेतूचं नाव, त्यांचाच निळा रंग, त्यांचंच पुलाचं चित्र. 'प्रिय ग्राहक,' असं लिहून पुढे म्हटलं होतं की, तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळल्यामुळे खातं गोठवलं आहे. आज दुपारपर्यंत पडताळणी केली नाही, तर जमा असलेली सगळी रक्कम गिऱ्हाइकांना परत जाईल. खाली मोठं बटण होतं : 'आत्ताच पडताळणी करा.'

 त्या खात्यात सगळ्या बायांची दिवाळी होती. ओट्यावर शिवायला येणाऱ्या रंगूबाईची लेक माहेरी येणार होती, तिच्या साडीचे पैसे त्यातच होते. वैष्णवीनं दुसरा काही विचार केला नाही. बटण दाबलं. रोकडसेतूचं नेहमीचं पान उघडलं, निदान तिला तरी ते नेहमीचंच वाटलं. तिनं ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. पान थोडं फिरलं आणि म्हणालं, तुमच्या मोबाइलवर आलेला कोड टाका. कोड आलाच होता. तिनं पहिले दोन आकडे टाकले.

नेमका तेव्हाच कुरिअरवाला म्हणाला की, ताई, या इंदूरच्या पार्सलवर पिनकोड पाचच आकडी लिहिलाय. तिनं घाईघाईनं गिऱ्हाइकाचा जुना मेल शोधला, राहिलेला आकडा सांगितला आणि परत त्या पानावर आली. तोवर कोड डोक्यातून गेला होता. म्हणून तिनं कोडचा मेसेज पुन्हा उघडला आणि या वेळी पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं : 'तुमच्या रोकडसेतू खात्याला नवीन बँक खातं जोडण्यासाठी हा कोड वापरा. ही विनंती तुम्ही केली नसेल, तर कोड कुणालाही देऊ नका.'

तिनं तर कुठलंच नवीन बँक खातं जोडायला घेतलं नव्हतं. ती तर आपलं गोठलेलं खातं सोडवायला बसली होती.

मग तिनं जे केलं ते फार शहाणपणाचं होतं, पण ते करताना आपण शहाणपणाचं काही करतोय असं तिला वाटत नव्हतं.  तिनं ते पान बंद केलं. मेलला हात न लावता फोनमधलं रोकडसेतूचं ॲप उघडलं. खातं जागच्या जागी होतं. गोठलेलं वगैरे काही नव्हतं, रक्कम होती तेवढी होती, पडताळणीची सूचना कुठेच नव्हती. तिथूनच तिनं आधी पासवर्ड बदलला, दुसऱ्या कुठल्याही फोनवर ते खातं उघडं असेल तर तिथून लॉग-आउट केलं आणि ॲपमध्येच दिलेल्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. मेलच्या तळाशीही एक नंबर होता, पण त्याच्याकडे आता तिला बघवतही नव्हतं.

फोनवरच्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिनं सांगितलं की, थोड्या वेळापूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून तुमच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं आणि पैसे काढायचं बँक खातं बदलायला निघालं होतं. कोड न मिळाल्यामुळे तिथंच अडलं. वैष्णवीनं विचारलं, म्हणजे तो मेल तुमचा नव्हता? ती मुलगी म्हणाली की, आमच्या मेलमध्ये तुमचं नाव असतं, आणि पासवर्ड किंवा कोड मागणारं बटण आम्ही कधीच पाठवत नाही. मग तिनं मेल पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबून ठेवायला सांगितलं. फोनवर एरवी नुसतं नाव दिसतं. दाबल्यावर त्यामागचा खरा पत्ता उघडला. नाव रोकडसेतू आणि पत्ता भलत्याच कुठल्या तरी टोपीविक्रीच्या दुकानाचा. तो मेल रोकडसेतूकडे पाठवून द्यायला सांगून ती मुलगी म्हणाली की, पैसे गेले असते तर एक क्षण न दवडता ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या सरकारी नंबरला फोन करावा लागला असता. पण गेले नाहीत, तर आता आधी पाणी प्या.

वैष्णवीनं कुरिअरवाल्याकडून पाणी मागून घेतलं आणि पार्सलं देऊन घरी आली.

खरं म्हणजे काही घडलंच नव्हतं. कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण ओट्यावर बाया बसल्या होत्या, रंगूबाई लाल काठाचा तुकडा कुठल्या बाजूला लावायचा यावरून भांडत होती, आणि त्यांच्याकडे बघून वैष्णवीला राहवेना. तिनं पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बटण आपण दाबलं, पासवर्ड आपणच टाकला, हेही सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. याच बायांना ती गेली दोन वर्षं बजावत होती की, फोनवर कुणी काही विचारलं तर सांगू नका.

 कुसाबाईंनी सुई खोचून ठेवली.

"पैसे गेले का?" त्यांनी विचारलं.

"नाय, आत्याबाई."

"मंग रडती कशाला? चोर आला, दार हलवून गेला. उद्या कडी बदलू."

"कडी बदलली," वैष्णवी डोळे पुसत म्हणाली.

रंगूबाईला भलतीच उत्सुकता लागली होती. तिला चोर बघायचा होता. वैष्णवीनं मेल उघडून दाखवला, तेव्हा तिनं तो फोन हातात धरून बराच वेळ न्याहाळला आणि दिसायला तर लय चांगला हाय, असं म्हणून पुढच्या बाईकडे दिला. फोन सगळ्या ओट्यावरून फिरून आला. पत्त्यातल्या टोपीच्या दुकानाचं कळल्यावर तर हसण्याचा कल्लोळच झाला, आणि वैष्णवीलाही हसू फुटलं.

सोमनाथ संध्याकाळी आला, तेव्हा त्याला गल्लीच्या तोंडाशीच बातमी कळली होती. वैष्णवी त्याच्या बोलण्याची वाट बघत होती. त्यानं चहा संपवला, मेल वाचला आणि म्हणाला, "मला आला असता, तर मी दोन आकड्यांवर थांबलो नसतो. अख्खा कोड टाकून मोकळा झालो असतो." तेवढ्यानं तिच्या मनावरचं ओझं खूप हलकं झालं.

ओझं तिच्यावरून उतरलं ते कुसाबाईंनी उचललं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराची राखण सुरू केली. वैष्णवीचा फोन वाजला की, कोण हाय, काय मागतो, असं त्या आतून विचारायच्या. सिलिंडरवाल्यानं घरपोच दिल्याचा कोड मागितला, तर त्यांनी त्याला दारात उभं करून सांगितलं की, आमच्या घरात कोड दिला जात नाय. तो बिचारा सिलिंडर परत गाडीवर चढवायला लागला, तेव्हा वैष्णवीनं धावत येऊन सोडवणूक केली. नाशिक रोडला राहणाऱ्या भाच्यानं लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. कुसाबाईंनी ती उघडू दिली नाही. त्यांनी सरळ भाच्याच्या आईला फोन करून, तुमच्या पोराचं लग्न खरंच ठरलंय का, असं विचारलं. ती माउली आधी चिडली, मग कारण कळल्यावर इतकी हसली की, पत्रिका द्यायला जातीनं येते म्हणाली. आणि आलीही, लाडू घेऊन.

वैष्णवी सासूला हसायची, पण तिचंही फार वेगळं चाललं नव्हतं. मेल आला की ती आधी नाव बघायची. ओळखीच्या गिऱ्हाइकांना ती उत्तर द्यायची. अनोळखी नाव दिसलं की बोट आपोआप मागे यायचं.

अशातच डिसेंबरच्या सुरुवातीला हर्षाली बोरस्ते नावाच्या कुणाचा तरी मेल आला. गंगापूर धरणाच्या बाजूला आम्ही पाहुण्यांसाठी राहण्याची जागा सुरू करतोय, खोल्या मातीच्या भिंतींच्या आहेत, प्रत्येक पलंगावर तुमची गोधडी हवी आहे. एकदम पन्नास. आगाऊ रक्कम लगेच देऊ, सोबतच्या लिंकवर तुमच्या बँकेची माहिती भरा. वैष्णवीनं वाचता वाचताच मान हलवली. अनोळखी नाव, न मागता मोठी ऑर्डर, आगाऊ पैसे, वर लिंक. चोरानं यापेक्षा अजून काय लिहायचं असतं? तिनं मेल पुसून टाकला. चार दिवसांनी दुसरा आला : उद्घाटन जवळ आलंय, कृपया आजच उत्तर द्या. ही घाई तर तिच्या चांगलीच ओळखीची होती. तोही पुसला. तिनं ओट्यावर सांगितलं तेव्हा रंगूबाई म्हणाली की, बघा, आता गोधडीच्या नावानं यायला लागले. कुसाबाईंना सुनेचं फार कौतुक वाटलं. त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी मुद्दाम मांडे केले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी एक तरुण बाई सायखेड्याच्या बाजारात गाडी थांबवून गोधडीवाल्या बायांचं घर विचारत विचारत गल्लीत शिरली. जीन्स, वर शाल, खांद्याला मोठी पिशवी. वैष्णवी मागच्या मोरीत न्हायला बसली होती आणि सोमनाथ दुकानात गेला होता. ओट्यावर कुसाबाई आणि रंगूबाई होत्या.

बाईनं नमस्कार केला आणि मी हर्षाली बोरस्ते, असं सांगितलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. रंगूबाईच्या हातातली सुई हवेतच राहिली. मेलमधला चोर चालत घरापर्यंत आला होता, आणि त्यानं नमस्कार केला होता.

"बस," कुसाबाई म्हणाल्या, पण चटई काही पुढे सरकवली नाही. "बोरस्ते म्हणजे कुठले?"

हर्षालीनं गाव सांगितलं. कुसाबाईंनी सासर विचारलं, मग माहेर विचारलं, मग आईचं माहेर विचारलं. ती बिचारी उभ्या उभ्या उत्तरं देत होती. आईचं माहेर चांदोरी, असं तिच्या तोंडून निघालं मात्र, कुसाबाई सावरून बसल्या. चांदोरी म्हणजे गोदावरीच्या पलीकडचं गाव, पूल ओलांडला की आलंच. चांदोरीत कुणाची, हा पुढचा प्रश्न होता. हर्षालीनं मामाचं नाव सांगितलं. साळूबाई तुझी कोण लागते, असं कुसाबाईंनी विचारलं, आणि ती माझी मामी, असं उत्तर आलं.

तरी कुसाबाईंनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. नाव काय, कुणीही सांगेल. हर्षालीनं आपल्या फोनवरून मामीला लावून देते म्हटलं, तर त्यांनी हात आडवा केला. तुझ्या फोनात कोण बोलेल ते मला कसं कळणार, असं म्हणून त्यांनी आतून स्वतःचा फोन आणला आणि रंगूबाईला साळूबाईचा नंबर लावायला लावला. साळूबाई त्यांच्या भजनी मंडळातली होती. तिला विचारलं की, तुझी एक भाची हाय का, उंच, सावळी, हनुवटीवर तीळ, काय करते? तिकडून साळूबाई काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलली. फोन ठेवून कुसाबाईंनी पहिल्यांदा चटई पुढे सरकवली.

"तीळ हाय," त्या रंगूबाईला म्हणाल्या. "पोरगी खरी हाय. चहा टाक."

वैष्णवी ओले केस बांधत बाहेर आली, तोवर हर्षालीच्या हातात कप होता आणि बशीत लाडू होते. ही कोण, हे कळल्यावर वैष्णवीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं सांगून टाकलं की, तुमचे दोन्ही मेल मी चोराचे समजून पुसले. आणि का समजले तेही सांगितलं; कुरिअरच्या दुकानातली गोष्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून झाली.

हर्षाली ऐकता ऐकता गंभीर झाली. तिनं फोन काढून आपला मेल स्वतःच मोठ्यानं वाचला. अनोळखी माणूस, आगाऊ रक्कम, लिंक, आजच उत्तर द्या. वाचून झाल्यावर तिनं फोन खाली ठेवला.

"मला आला असता, तर मीही पुसला असता," ती म्हणाली. "मी आणखी पाच ठिकाणी हाच मेल पाठवलाय. माठवाल्यांना, चटईवाल्यांना. कुणाचंच उत्तर नाही. मला वाटत होतं, लोकांना धंदाच करायचा नाहीये."

यावर आधी रंगूबाई हसली, मग सगळ्याच हसल्या. सोमनाथ दुकानातून आला, तेव्हा त्याला ओट्यावर एक अनोळखी बाई आणि आपली बायको एकाच फोनवर डोकं घालून मेल लिहीत बसलेल्या दिसल्या. त्या दोघी चटईवाल्यांना नव्यानं मेल लिहीत होत्या. त्यात लिंक नव्हती, घाई नव्हती. जागेचा पत्ता होता, मामाच्या गावाचा उल्लेख होता, आणि आधी फोन करून खात्री करून घ्या, मग हवं तर जागा बघायला या, असं शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य वैष्णवीचं.

लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की, दिवाळीआधी मेलवर विश्वास ठेवला ती एक चूक, आणि नंतर सगळेच मेल पुसत सुटलो ती दुसरी. मेलमध्ये काय लिहिलंय त्यावरून खरं-खोटं ठरवायला बसलं, की माणूस फसणारच; कधी विश्वास ठेवून, कधी न ठेवून. त्यापेक्षा मेल बाजूला ठेवायचा आणि आपल्याला माहीत असलेल्या वाटेनं जाऊन विचारायचं. खातं असेल तर आपल्या ॲपमधून, माणूस असेल तर त्याच्या ओळखीतून. हे ती हर्षालीला समजावून सांगायला लागली, तर कुसाबाई मधेच म्हणाल्या की, मी मघापासून दुसरं काय करत होते? ते मात्र खरं होतं. फक्त सिलिंडरवाल्याच्या वेळी त्यांना ते सुचलं नव्हतं, आणि वैष्णवीनं तसं बोलून दाखवल्यावर त्या लाडवांची बशी घेऊन आत निघून गेल्या.

बाकी सगळं रीतसर झालं. वैष्णवी आणि सोमनाथ पुढच्या सुट्टीला गंगापूरला जाऊन जागा बघून आले. आगाऊ रक्कम रोकडसेतूच्या खात्यात जमा झाली. शिवून तयार असलेल्या गोधड्या आधी बाजूला काढल्या, उरलेल्यांसाठी ओट्यावर बायांची संख्या वाढली. दिवे लागेपर्यंत सुया चालायच्या. थंडी इतकी पडली की, शिवता शिवता बाया तीच गोधडी पायांवर ओढून घ्यायच्या आणि कुसाबाई ओरडायच्या की, गिऱ्हाइकाची हाय, मळवू नका.

जानेवारीत उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सोमनाथनं मित्राचा टेम्पो आणला. मागे गोधड्यांचे गठ्ठे, त्यावर बाया, असा सगळा लवाजमा सायखेड्याहून निघाला. हर्षालीनं प्रत्येकीला एकेक खोली दिली; तिनं शिवलेल्या गोधड्या तिनंच तिथल्या पलंगांवर अंथरायच्या. वाऱ्याला धरणाच्या पाण्याचा वास होता. कुसाबाईंनी एकच गोधडी तीनदा अंथरली, तीनदा काढली. काठ खिडकीकडे हवा की दाराकडे, याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. वैष्णवी फोटो काढत खोल्यांतून फिरत होती.

शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं हळूच उघडलं. रंगूबाई आधी गोधडी कशी दिसते ते बघायला पलंगावर टेकली असणार, मग कशी लागते ते बघायला आडवी झाली असणार. आता ती हनुवटीपर्यंत पांघरून गाढ झोपली होती आणि बारीक घोरत होती. मागून हर्षाली आली, तिनंही डोकावून बघितलं. वैष्णवी उठवायला पुढे झाली, तेव्हा हर्षालीनं तिचा हात धरला आणि म्हणाली की, झोपू दे, पाहुणे उद्या येणार आहेत.

दोघींनी दार पुन्हा लोटून घेतलं आणि बाहेर चहा प्यायला गेल्या.